दादासाठी बँडवरची पुस्तकं

दादाने गाणी ऐकणं सोडलं आणि त्यानंतर महिन्याभराने माझ्याकडे पुस्तकं मागितली.

तो माझा थोरला भाऊ. सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, आता निवृत्त आहे. वहिनी आणि तो भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये राहतात. त्याचे कान काही वर्षांपासून कमी होत गेले. दोन्ही कानांना मशीन लावल्यावर बोलणं समजू लागलं, पण गाणं समजेना. कानाच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. मशीन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते, संगीत तिच्यातून बिघडून येतं. दादाच्या शब्दांत, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं.

त्याचं गाणं म्हणजे एकच बँड. इंग्लंडमधल्या चौघांचा, आम्हाला कळेपर्यंत फुटून गेलेला. दादा इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवरून त्याची एक कॅसेट घरी आली. वडील नागपूरहून आपल्या कचेरीबरोबर भोपाळला आलेले, सरकारी क्वार्टरमध्ये खोल्या दोनच. त्यामुळे दादाने जे ऐकलं ते सगळ्यांनी ऐकलं. वडिलांनी एकदाच विचारलं होतं, "हे गातायत की भांडतायत?" पुढे न्यू मार्केटमधून एकेक करत बाकीच्या कॅसेट जमल्या. मलाही तो बँड आवडू लागला, पण दादाइतका नाही.

"ऐकता येत नाही तर निदान वाचतो," तो म्हणाला. "पण भाराभर आणू नकोस. चांगलं असेल तेच आण. तुम्ही पेपरवाले, तुम्हाला कळतं."

माझी नोकरी दैनिकाच्या डेस्कवर झाली. आलेल्या बातमीतलं खरं किती, हे ठरवण्याचं काम. मी तीच पद्धत लावली. या बँडवर इंग्रजीत बरीच पुस्तकं आहेत. त्यातली सहा मिळवली, काही नवी, काही जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडून. प्रत्येकात एकच प्रसंग आधी काढला, बँड फुटला ती बैठक. कोण हजर होतं, आधी कोण उठलं, लिहिणाऱ्याला हे कोणी सांगितलं. दोन पुस्तकांत गायक आधी उठतो, एकात ड्रमवाला. एकात चौघं मिठी मारून निघतात, पण हे कोणी पाहिलं त्याचा उल्लेख नाही. गिटारवाल्याच्या आत्मचरित्रात तो स्वतः बैठकीला नव्हताच, तरी संवाद पानभर आहेत. या पाचांत एकच चरित्र असं होतं, की ज्यात प्रत्येक विधानाला मागे आधार दिला होता आणि जिथे आधार नव्हता तिथे तसं स्पष्ट लिहिलं होतं. ते सर्वांत जाड होतं. मी तेच निवडलं.

सहावं पुस्तक स्टुडिओत आवाज मुद्रित करणाऱ्या तंत्रज्ञाचं होतं. कोणत्या गाण्याला किती माईक, कोणता कुठे, बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, आधी वाजवला की नंतर. त्यात बैठक नव्हतीच. माणसंही जवळपास नव्हती. ते मी बाजूला ठेवलं.

दादाने जाड चरित्र नेटाने वाचलं. मी गेले तेव्हा त्याने आधी पंखा बंद करायला लावला, कारण मशीनमधून पंख्याची घरघर बोलण्यावर चढते. मग म्हणाला, "कोर्टाचा निकाल आहे हा. कोण कोणाशी का भांडलं, सगळं कळलं. गाणं कुठे आहे यात?"

"खरं तेवढंच लिहिलंय त्यात."

"असेल. मला काय त्यांची सोयरीक जुळवायची आहे?"

मग मी गिटारवाल्याचं आत्मचरित्र दिलं. ते त्याला जाड चरित्रापेक्षा बरं वाटलं, पण अर्ध्यावर ठेवून दिलं. "हा माणूस स्वतःशिवाय कोणाचं ऐकत नाही," तो म्हणाला. फोटोंचं मोठं पुस्तक नेलं ते वहिनींनी पाहिलं. "वन्सं, यांचे केस बघा," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या यांना लग्नात अस्सेच ठेवायचे होते. मामंजींनी न्हाव्याला घरी बोलावलं म्हणून निभावलं."

चहा करायला त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मलाही आत बोलावलं. कुकरची शिटी होणार म्हणून दादाने मशीन काढून ठेवली होती, तरी त्या हळू बोलल्या.

"टेप आणि सगळ्या कॅसेट माझ्या भाच्याला देऊन टाकल्यात त्यांनी. नागपूरहून तो पुढच्या महिन्यात न्यायला येतोय."

"दादा स्वतः म्हणाला?"

"स्वतः. मी म्हटलं, राहू द्या ना, कपाटात काय खायला मागतायत? तर म्हणाले, आता उपयोग काय. आणि बसतात कसे बघा. मशीन काढतात, डोळे मिटतात, मग तोंड आंबट करून उठतात. काय बिनसतं ते सांगत नाहीत."

बाहेर येऊन मी दादाच्या समोर बसले. त्याने मशीन लावल्यावर सरळ विचारलं, की डोळे मिटून तू काय करतोस.

"गाणं म्हणून बघतो. मनात. पहिली दोन कडवी जशीच्या तशी येतात. तिसऱ्यापाशी बेस काय करतो ते आठवत नाही. खाली उतरतो की तिथेच थांबतो? तो गेला की बाकीचंही पुसट होतं. गेल्या वर्षी हे येत होतं मला." मग म्हणाला, "ऐकणं गेलं ते ठीक आहे. वय झालं. हे गेलं तर मग काहीच उरलं नाही."

मी त्याला बँडची माहिती पुरवत होते. त्याला बेस हवा होता. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाचं पुस्तक घेऊन पुन्हा गेले.

ते त्याने चरित्रासारखं वाचलं नाही. कारखान्यातली ड्रॉइंग वाचावीत तसं वाचलं. एक परिच्छेद, मग मागचं पान, मग पुन्हा तोच परिच्छेद. तिसऱ्या कडव्याला बेस उतरत नाही, एका सुरावर धरून ठेवतो आणि वर ऑर्गन येतो, असं त्यात लिहिलेलं होतं. ऑर्गन त्याला अजिबात आठवत नव्हता. "हो, आहे," तो मोठ्याने म्हणाला. हल्ली तो सगळंच मोठ्याने म्हणतो. "ऑर्गन आहे. मागे, बारीक."

त्यानंतर काही आठवडे मी दुपारी जाऊन बसत असे. तो एका गाण्याचं वाचायचा, मशीन काढून टेबलावर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. घरात कोणी बोलायचं नाही. पाय हलत असायचा. कधी मध्येच थांबून पुस्तक उघडायचा, बघायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. खालून भाजीवाल्याची हाक यायची. ती त्याच्याखेरीज सगळ्यांना ऐकू यायची.

एका दुपारी त्याने पूर्ण गाणं संपवलं. मशीन लावून म्हणाला, "शेवटी ड्रमचा एक ठोका किंचित उशिरा पडतो. त्या माणसाने हे लिहिलेलं नाही. टेप लाव आणि ऐकून सांग."

मी हेडफोन लावून ऐकलं. ठोका जागेवर पडत होता. तसं सांगितलं.

"नीट ऐक."

पुन्हा ऐकलं. तेच.

"तुला ऐकू येत नाही," तो म्हणाला. वहिनी आतून हसल्या. "दाखवून ये कान. माझ्या डॉक्टरांकडे जा, सूट देतील."

मी रागाने आणखी एकदा लावलं. या वेळी ठोक्याची वाट न पाहता पायाने ताल धरला. ठोका पायाच्या मागून आला. अगदी थोडा, पण मागून. मी मान हलवली. दादाने पुस्तकात त्या जागी पेन्सिलीने काही लिहिलं आणि पुढचं पान काढलं.

भाचा ठरल्याप्रमाणे आला. तरुण आहे, जुन्या टेप दुरुस्त करायची त्याला आवड आहे. टेप खाली नेताना त्याने विचारलं, "काका, नक्की ना? तुम्हाला लागली तर?" वहिनी दादाकडे बघत होत्या. मीही.

"लागणार नाही," दादा म्हणाला. "हेड साफ करून घे, स्पिरिटने. आणि तिसरी कॅसेट जपून लाव, फीत सैल आहे."

खोके गाडीत ठेवेपर्यंत तो जिन्यात उभा होता. वर आल्यावर बाकीची तीन पुस्तकं त्याने माझ्या पिशवीत भरली. जाड चरित्र वहिनींनी परत काढून घेतलं. त्यांना ती भांडणं वाचायची होती.

नंतरच्या रविवारी दादाचा मोबाईलवर निरोप आला. पहिल्या कॅसेटची दुसरी बाजू पूर्ण झाली आहे, ऑर्गनसकट. उद्यापासून दुसरी कॅसेट. दुपारी आलीस तर बेल वाजवू नकोस, दार उघडं ठेवतो.