वासराचं वाक्य काढलेली मेल

माझ्या नोकरीचं वर्णन बायकोने एका वाक्यात बसवलं आहे. पाहुण्यांनी विचारलं की ती सांगते, "हे भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोडाउनमध्ये मेल वाचतात." कागदावर माझा हुद्दा डिस्पॅच सुपरवायझर असा आहे, पण तिचंच खरं. सकाळी खुर्चीत बसलो की संध्याकाळपर्यंत मी मेल वाचतो, आणि त्या अशा असतात की लिहिणाऱ्याचे खांदे धरून हलवावेत. विषयाच्या जागी नुसतं 'अर्जंट'. गाडी कशेळीच्या पुलावर अडकली तरी 'अर्जंट', साहेबांच्या केबिनमधला एसी गळतोय तरी 'अर्जंट'. आठवड्याने एखादी शोधायला जावं, तर ही सगळी अर्जंट भावंडं एका रांगेत तोंड सारखं करून उभी.

त्यामुळे माझं पक्कं मत झालं होतं की आलेली मेल ज्याला आली त्याला दुरुस्त करता आली पाहिजे. बाजारातून आणलेल्या मेथीची देठं आपण काढतोच, भाजीवालीला विचारत बसत नाही. हा विचार मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या लोडिंगच्या मुकादमाला ऐकवला. तो डबा बंद करत म्हणाला, "फिर तो साहब, मेरी छुट्टी का 'ना' मैं खुद ही 'हाँ' कर लूँगा."

तोवर माझा एक जुगाड चालू होता. मेल स्वतःलाच फॉरवर्ड करायची. फॉरवर्ड करताना विषय बदलता येतो, खालचा मजकूर हवा तसा खोडता येतो. नको ते काढायचं, आपल्याला कळेल असं लिहायचं, प्रिंट मारायची, स्टेपल करायची. हात या कामाला इतका सरावला होता की डोकं लागत नसे.

ही कला घरी वापरावी लागली ती मुलामुळे. मुलगा मालवाहू बोटीवर आहे. बोट इतकी जुनी की समुद्रात असताना फोन नाही, व्हॉट्सॲप नाही, फक्त मेल. तीही मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, आणि तारेसारखी तुटक. ती माझ्या आईपर्यंत पोचवायची असे. आई गणेशपुरीजवळ गावी राहते, गाय आणि तिचं नवं वासरू सांभाळते, भिवंडीला आमच्याकडे यायला तयार नाही, कारण लूमच्या आवाजात तिला झोप लागत नाही. ती शाळेत थोडं शिकलेली, मराठी वाचते. मेल तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची असते. म्हणून मी ती ऑफिसात मराठी अक्षरांत, बोटाएवढ्या टायपात लिहून काढायचो. खालची इंग्रजी अक्षरं खोडायची, प्रिंट मारायची, रविवारी एसटीने जाऊन द्यायची.

बोटाएवढा टाइप अशासाठी की आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबू नका, जितका उशीर तितका त्रास. आई थांबली होती. तिची अट होती, "पट्टी सुटंल तवा पयला माजा नातू दिसला पायजे. दुसरं कय बगायचं न्हाय मना." नातू गणपतीला येणार होता. त्यामुळे आईचा डोळा आमच्या घरी बोटीच्या वेळापत्रकावर चालला होता.

आणि मग ती मेल आली. मुलाने लिहिलं होतं, "बाबा, माझ्या जागी येणारा माणूस आलाच नाही. गणपतीला येत नाही. कधी ते कॅप्टनलाही माहीत नाही. आजीला सांगा माझ्यासाठी डोळा थांबवू नको. वासराला नाव ठेवलं का? माझ्याशिवाय ठेवू नका. जेवण ठीक."

मी ती बायकोला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. आईचा नातू नंतर, आधी तिचंच पोर येणार नव्हतं. ताट बाजूला सारून म्हणाली, "हे असं नेऊ नका आईंकडे."

"मग कसं नेऊ?"

"नीट करून न्या. गणपतीला येतोय असंच राहू द्या. वर लिहा, की आजी, आधी डोळा करून घे, म्हणजे मी येईन तेव्हा तुला लख्ख दिसेन."

"अगं, तो येणार नाही."

"ते नंतर बघू. डोळा तर होईल."

"आलेली मेल आहे ती. अशी बदलता येत नाही."

"दिवसभर ऑफिसात काय करता मग?"

दमलेला माणूस ज्या कारणाने सगळ्या गोष्टींना हो म्हणतो, त्याच कारणाने मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टाइप करायला बसलो. बायकोने सांगितलेलं घातलं. 'पाया पडतो' घातलं. 'तुझी फार आठवण येते' घातलं. पोराने हे वाक्य जन्मात लिहिलं नसतं, पण मला लिहिताना बरं वाटलं. वासराचं काढून टाकलं. इतक्या महत्त्वाच्या मेलमध्ये वासरू कशाला! तेवढ्यात गेटवर दोन कंटेनर समोरासमोर आले, आरडाओरडा झाला, मी प्रिंटचं बटण दाबून पळालो. परत आलो तेव्हा कागद पडलेले होते. हाताने आपलं काम केलं, टक्‌ करून स्टेपल मारला.

रविवारी एसटी अंबाडीच्या पुढे खड्ड्यांतून नाचत होती आणि मी कागदाची घडी खिशात दाबून, आईसमोर चेहरा कसा ठेवायचा याचा सराव करत होतो.

आई ओटीवर बसलेली. कागद डाव्या डोळ्याजवळ नेऊन, बोट फिरवत तिने एकेक शब्द वाचला. मी तिथे थांबू शकलो नाही. गोठा गळतोय का बघतो म्हणून मागे गेलो. तिथे ते बिननावाचं वासरू उभं होतं. त्याने माझा शर्ट चाटला. घरात मला एवढ्यात तरी कोणी इतकं आपुलकीने वागवलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच वेळ थांबलो.

परत आलो तर शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्या गणेशपुरीला आश्रमाच्या रस्त्यावर हारनारळाचं दुकान चालवतात आणि दिवसभर फोनवर इंग्रजी अक्षरांतलंच मराठी वाचत असतात. आई त्यांना म्हणत होती, "ह्या मागच्या पानावर बारीक विंग्रजीत कयतरी हाय बग. वाच जरा."

मागचं पान! मी दारातच गार पडलो. खालचं खोडायचं राहिलं होतं. वहिनी खणखणीत आवाजात, दुकानात भाव सांगावा तसं वाचत सुटल्या होत्या: "माझ्या जागी येणारा माणूस आलाच नाही. गणपतीला येत नाही..." पुढे पुढे आवाज बारीक होत गेला. 'जेवण ठीक' त्या जवळजवळ पुटपुटल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, चूल पेटती ठेवून आलेय मी," आणि निघून गेल्या.

आईने दोन्ही पानं चाचपून पाहिली.

"खरी कंची यातली?"

"मागची."

"आन पुडची कोनी लिवली?"

"आम्ही. म्हणजे मी. म्हणजे तुझी सून म्हणाली..."

"अक्षर चांगलं मोटं हाय," ती म्हणाली. "त्यो 'पाया पडतो' म्हनला तवाच मना वाटलं, पोर आजारी हाय का कय."

मी खाली बसलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "वासराचं का काडलास? तेवडंच तर माज्यासाठी व्हतं त्यात."

ती पदराने डोळे पुसत राहिली. मोतीबिंदूमुळे पुसते की कशामुळे, हे विचारायची हिंमत झाली नाही. दोन्ही पानांची घडी करून तिने कमरेला खोचली. मग म्हणाली, "काड तुजा फोन. मी सांगतंय तसं लिव. आन मदी तुजं कय घालू नको."

मी फोन काढला. तिने सांगितलं, "लिव. डोला केला. पट्टी सुटली तवा पयलं वासरू दिसलं. शेपटीला पांढरा गोंडा हाय. नाव ठेवलं न्हाय. तू ये."

"आई, डोळा अजून केला नाहीस तू."

"पाटव."

"खोटं आहे ना ते."

"तू नको सांगू मना," ती म्हणाली. मी पाठवली.

"गेली?"

"गेली."

"आता त्याला त्यात बदल करता येतो?"

"नाही. ज्याला जाते त्याला बदलता येत नाही."

"आन आपल्याला?"

"आपल्यालाही नाही."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मंग आता करायलाच लागंल," म्हणाली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली.

ऑपरेशन भिवंडीत झालं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, तर आईने डोळा गच्च मिटून घेतलेला. "आजी, उघडा. किती बोटं?" "मना कय दिसत न्हाय." डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा एका डॉक्टरला समजावून सांगावं लागलं, की एक मेल गेलेली आहे, त्यात वासरू पहिलं दिसलं असं लिहिलंय, आणि वासरू गणेशपुरीला आहे. डॉक्टरांनी आधी तिला दटावलं, मग हसले. "एवढं बघू द्या मला, हे पहिलं बघणं म्हणून धरू नका," म्हणाले. आईने नाइलाजाने डोळा उघडला, चार बोटं सांगितली, आणि तपासून झाल्याबरोबर पुन्हा पट्टी लावायला लावली.

रिक्षाने गावी नेलं. बायको वाटभर तिचा हात धरून बसली होती. गोठ्याच्या दारात तिनेच हात धुऊन, हलक्या हाताने पट्टी सोडवली. आई उभी राहिली. डोळ्याची सारखी उघडझाप. वासरू पाठमोरं उभं होतं.

"गोंडा पांढरा न्हाय," आई म्हणाली.

खरंच नव्हता. शेपूट तांबूसच होती. पांढरं होतं ते मागच्या पायावर, खुराच्या वर, मोजा घातल्यासारखं. पिकल्या डोळ्याला ते शेपटीवर दिसत असणार.

"ते बदल मंग. फोनमदी."

"सांगितलं ना आई, नाही बदलता येत."

ती वासराजवळ गेली, वाकून त्याचा तो पाय नीट बघितला. बायको म्हणाली, "अहो, दुसरी मेल करा ना, पायावर आहे म्हणून."

"नको," आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसंच. त्यो ईल तवा बगंल, आन सांगंल मना, चुकीचं लिवलं व्हतंस म्हनून."

मग तिने मला गोठ्याचा गळणारा पत्रा नीट बसवायला लावला. मी थकलो होतो, पण बसवला.