नमुन्याला दिलेला गणो

सडकेपासून तांडा दोन कोस. निम्मी वाट सरली तेव्हा जिवनबाई पहिल्यांदा बोलली.

"ताई, तिथं तुमी काहून गप बसल्या?"

चैत्राचं ऊन होतं. धरणाचं पाणी उतरलं होतं आणि आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत होतो. पावसाळ्यात ही वाट बुडते, तांड्याचं बेट होतं आणि होडीशिवाय जाता येत नाही. चार वर्षं मी त्या बेटावर जात होते. पगार नव्हता, मी मागितलाही नाही. पाण्यानं तोडलेल्या त्या तांड्यातल्या बायांना घरबसल्या पिशव्यांवरचं भरतकाम द्यायचं एका संस्थेनं ठरवलं होतं. मी हिंगोलीत मुलींना शिवण शिकवायची, म्हणून मला विचारलं. देवाचं काम समजून मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी टाके शिकवायला बसले. जिवनबाई दाराला टेकून बघत होती. थोड्या वेळानं तिनं माझ्या हातातलं कापड घेतलं, उलटं केलं आणि मागची दोऱ्यांची गुंतवळ बघून हसली.

"शाळंत मागून बघत न्हाईत का, ताई?"

तिचं काम मागूनही स्वच्छ असायचं. त्या दिवसापासून शिकवणारी ती, आणि कापड-दोरा होडीत घालून आणणारी मी.

तिसऱ्या वर्षी संस्थेनं कळवलं, जुनं अस्सल काम पाहिजे, नमुन्याला. जिवनबाईकडं तसं एकच होतं, तिचा गणो. बंजारा बाई डोक्यावर घागर घेते तेव्हा मागं रुळतो तो कवड्या-आरशांनी भरलेला चौकोनी तुकडा. तिच्या आईनं तो तिला लग्नात दिला होता आणि आता तिनं तो मिनाला, तिच्या लेकीला, द्यायचा होता. एक आरसा निखळला होता, तिथं आईनं शर्टाचं पांढरं बटण बसवलं होतं.

"नमुना म्हंजी बघून वापस ना?" तिनं विचारलं.

तिच्या लेखी नमुना म्हणजे मापाला शिंप्याकडं नेलेली जुनी चोळी. माझ्या लेखीही तेच. "नरसीच्या नामदेवाला स्मरून सांगते, पंधरा दिवसांत आणून देते," मी म्हटलं. संस्थेच्या कागदावर सही केली. 'नमुना' या शब्दाखाली बारीक अक्षरांत काय छापलं होतं ते वाचलं नाही.

पंधरा दिवसांचं वर्ष झालं. मी पत्रं टाकत राहिले. एकदाच उत्तर आलं, मालात आहे, बघतो.

इकडं जिवनबाईच्या डोक्यामागं गणो दिसेना, तेव्हा पाणवठ्यावर तांड्यातली शकुबाई म्हणायची, "आईला तर इकलं. आता पोरीच्या डोक्यामागं काय बांधती, पिशवी?" बाया हसायच्या. मग हसणं थांबलं आणि तिच्याशी बोलणंही थांबलं. एका संध्याकाळी जेवताना नवऱ्यानं, धर्मसिंगनं, विचारलं, "खरं सांग, इकला का?" त्यानंतर ती त्याच्या समोर जेवायला बसली नाही. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, मिनानं सांगितलं.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. हिंगोलीत बचत गटांचं प्रदर्शन लागलं, संस्थेचं दुकानही येणार होतं. मिनाचं लग्न पंधरवड्यावर आलेलं. गणो तिथं मिळेल म्हणून मी जिवनबाईला घेऊन गेले.

दुकानात चार पर्स टांगल्या होत्या. चारींच्या झाकणावर भरतकामाचा एकेक तुकडा. तिसऱ्या झाकणावर पांढरं बटण होतं.

जिवनबाईनं हात वर केला. विकणारी मुलगी म्हणाली, "मावशी, हात नका लावू, ओरिजिनल आहे."

तेवढ्यात संस्थेचे साहेब आले. चार माणसांना म्हणाले, "हे अस्सल काम या ताईंनीच मिळवून दिलं बरं का." आणि माझे हात जोडले गेले. नमस्कार करून बसले मी. जिवनबाईनं ते पाहिलं.

आता गाळावर ती त्याचंच विचारत होती.

"मला काही सुचलंच नाही," मी म्हटलं.

"हात जोडायला बराबर सुचलं."

ती झपाझप पुढं झाली. मग मीच म्हटलं, "ते चारी तुकडे मी सोडवून आणते. आपण जोडू."

"कापलेला गणो लेकीच्या डोक्याला बांधू?"

"मग नवा करा. कापड मी देते, आरसे देते."

"डोळे कोन देतं? ते तुमच्या पिशव्यात गेले."

तांड्यातला लिंब दिसायला लागला. झाडाखाली बाया बसल्या होत्या, आमच्याकडंच बघत होत्या. जिवनबाई तिथंच थांबली. पदरानं तोंड पुसलं.

"मिनाच्या लग्नाला या."

"येते की, जिवनबाई."

"आहेर नगं. पोरीला गणो द्यायची येळ येती, तवा समद्या बाया गोल बसत्यात. शकुबाई आसंल, आमचे हे बी आसतील. तवा उभं ऱ्हायचं आन सांगायचं, गणो मी नेला, वापस केला न्हाई, जिवनबाईनं इकला न्हाई. संस्थेचं नाव घेऊ नका, ते हितं कोनाला म्हाईत न्हाई. तुमचं घ्या."