मावशींची घाण

रोपवाटिकेतल्या मावशी वीस वर्षं शिजवलेल्या भातावर हिरवी बुरशी वाढवत आणि पेरणीआधी ती मातीत कालवत. झाडांची कोवळी रोपं कुजवणाऱ्या बुरशीला ही हिरवी बुरशी फस्त करते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी सून नाक मुरडायची, "आई, आधी हात धुवा!"

नवा मॅनेजर तर तिच्याही वरताण निघाला. तपासणीला पाहुणे येणार म्हणून त्याने मावशींच्या सुट्टीच्या दिवशी बुरशीच्या सगळ्या पिशव्या उकिरड्यावर फेकल्या, फडताळं फिनेलने पुसली आणि वाफ्यांत बुरशी मारायचं औषध ओतलं. पाहुणे खूश! स्वच्छतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं.

हिरवी बुरशी न कालवता केलेल्या पुढच्या पेरणीची रोपं बोटभर झाली आणि बुडाशी कुजून रांगेने आडवी पडली. मावशींनी एक उचललं, तर देठाची साल शेंबडासारखी बोटांना चिकटली. त्यात रोजच्या फिनेलचा तो भपकारा.

मॅनेजर नाकाला रुमाल लावून आला. "मावशी, तुमची ती घाण थोडीफार शिल्लक आहे का हो?"

मावशींनी घरून आणलेला डबा उघडून त्याच्यापुढे धरला. आत हिरवागार भात होता. तो दोन पावलं मागे सरला.

"घाला हात, कालवा."

"मी?"

"मग कोण? घाण तुम्ही केलीत, तुम्हीच निस्तरा. आणि आधी तो रुमाल खिशात घाला. अत्तराच्या वासाची शिसारी येते मला."