तळाच्या दगडावरच्या रेघा

निलेशशेटच्या ऑफिसात पाच खुर्च्या होत्या. चार रिकाम्या. मी उभा होतो. चपला दाराबाहेर काढायला लावल्या होत्या आणि एसीच्या गारव्यानं फरशीवर माझी पावलं बधिर झाली होती.

समोर त्याचा कॉम्प्युटर. स्क्रीनवर मी काढलेला फोटो.

"लिही," तो म्हणाला. "फोटो निलेशशेटनी काढला. मी वरती दोर धरून उभा होतो. इंग्लिशमधी लिही."

दारात आमचे आबा उभे होते, वॉचमनच्या खाकी कपड्यांत. त्यांना मुद्दाम गेटवरून बोलावून घेतलं होतं. निलेशशेट माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल, पण आबांना तो "ए गणपत" म्हणायचा. आबा त्याला "जी शेट" म्हणायचे. आत्ता ते खाली बघत होते.

मी वाकून टाइप करायला लागलो. खुर्ची ओढून बसायची हिंमत झाली नाही. खोटं कशाला सांगू, मी शूर माणूस नाही. तेव्हाही नव्हतो, आजही नाही.

त्या फोटोत होतं काय, ते सांगतो.

आमचं गाव भिवंडीजवळचं राहनाळ. निलेशशेटच्या घरच्यांची तिथं भातशेती होती. पुढं एकेका खाचराचं गोदाम झालं आणि शेतकऱ्यांचे शेट झाले. आबा त्यांच्याच गोदामाच्या गेटवर ड्युटीला लागले. मी बारावी करून शेजारच्या पूर्ण्याला दुसऱ्या एका गोदामात, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. निलेशशेटच्या जमिनीत एक जुनी, पायऱ्यांची दगडी विहीर होती. आमच्या वस्तीला नळ येण्याआधी आमच्या बायका तिच्यापासून लांब हंडे मांडून बसायच्या. कुणी वरून ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर उन्हात बसून राहायचं. शेंदायची मुभा नव्हती. पण दर वैशाखात गाळ काढायला मात्र आम्हीच. पाण्याला आमचा विटाळ व्हायचा, गाळाला व्हायचा नाही.

आधी आजा उतरायचा, मग आबा. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक त्यांच्या माणसांच्या हातात. काम झालं की विहिरीत गोमूत्र शिंपडायचे.

मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा दोर धरणाऱ्यांनी गंमत म्हणून दोर ढिला सोडला. आबा छातीपर्यंत गाळात रुतले. खालून त्यांची हाक आली. वरती सगळे हसत होते. मी लांब, हंड्यांपाशी, आईचा पदर धरून. आबांना वर काढलं तेव्हा त्यांच्या दातांतसुद्धा गाळ होता आणि तेही हसत होते. त्या हसण्यानं मी जेवढा घाबरलो तेवढा हाकेनंही घाबरलो नव्हतो.

एक गोष्ट वरच्या कुणाला माहीत नव्हती. गाळ संपला की वर येण्याआधी आजा पहारेच्या टोकानं तळाच्या मोठ्या दगडावर एक रेघ ओढायचा. दर सालाला एक. आबांनीही ओढल्या. घरात त्यावर कधी बोलणं नव्हतं. आबा मला एकदाच म्हणाले, "आपला नाव हाय ते खालती. कोनी बघत न्हाय."

मला बघायचं होतं.

गोदामात खोकं फुटलेला माल कधीकधी कामगारांना काढून देत. त्यात मला एक छोटा डिजिटल कॅमेरा मिळाला. मग भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या सायबर कॅफेत बसून मी शोधायला लागलो, की पाण्याखाली कॅमेरा न्यायचा तर कसा. शोधता शोधता ती मंडळी सापडली. पाण्याखाली फोटो आणि व्हिडिओ काढणाऱ्यांचा ऑनलाइन अड्डा. जगभरातले लोक. पोवळी, कासवं, कधी न पाहिलेले मासे. भारतातल्यांसाठी वेगळा कोपरा. प्रत्येक फोटोखाली कॅमेरा कुठला, भिंग कुठलं, किती खोल, सगळं लिहिलेलं.

मी कितीतरी महिने नुसता वाचत होतो. एक शब्द लिहायची भीती. आपलं इंग्रजी लेबलांवरचं. मग एकदा धीर करून विचारलं, डब्यात पाणी शिरू नये म्हणून काय करायचं? परदेशातल्या एका म्हाताऱ्यानं सविस्तर उत्तर दिलं. रबराची कडी, तिला ग्रीस, आधी रिकामा डबा बादलीत बुडवून बघ. शेवटी लिहिलं, मित्रा, जपून उतर. तिथं कुणी आडनाव विचारत नव्हतं. टोपणनाव पुरत होतं. मी 'बेडूक' घेतलं. विहिरीतला बेडूक म्हणून लोक हिणवतातच, मग आपणच म्हणून टाकलेलं बरं.

स्टीलचा डबा, त्याला काच, झाकणाला कुकरचा रबर, बटण दाबायला सायकलचा स्पोक. कापडाच्या लूमचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लेथवाल्या चाचांनी ते सगळं बसवून दिलं. म्हणाले, "बेटा, डब्बा डूबे तो डूबने दे. तू साथ में मत जाना."

चैत्र होता. निलेशशेटच्या चुलतभावाची हळद. अख्खा गाव मांडवात. भर दुपारी मी विहिरीवर गेलो. ऊन सरळ आत पडत होतं. पाणी जेमतेम दोन पुरुष खोल. कमरेचा दोर मी काठावरच्या उंबराच्या बुंध्याला बांधला. कुणाच्या हातात दिला नाही.

पायऱ्या उतरताना पाण्याची भीती होतीच, पण वरून कुणी "कोन हाय रं?" म्हणेल त्याची जास्त. पहिल्या दोन बुड्यांत मी तळाला हात लावायच्या आधीच घाबरून वर आलो. कानात कुणी सुया खुपसतंय असं वाटत होतं. तिसऱ्या बुडीत गाळातून वर राहिलेला दगड हाताला लागला. मग बोटांना रेघा लागल्या. एकाशेजारी एक, अंगणात पोरं मोजायला ओढतात तशा. मी त्या डोळ्यांनी बघण्याआधी हातानं वाचल्या. श्वास संपत आला होता. डबा दगडाजवळ धरला, त्याचं तोंड वर केलं आणि स्पोक दाबला.

पुढं रेघा, मागं पायऱ्या, आणि वर विहिरीच्या तोंडाचा पांढरा गोल. एकच फोटो नीट आला.

तो अड्ड्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी कॅफेत गेलो तर खाली लोकांची रांग. हा उजेड कसा मिळाला? ही कुठली जागा? त्या म्हाताऱ्यानं लिहिलं, शाब्बास बेडका. मी ते तीनदा वाचलं. मग भारतातल्या कोपऱ्याच्या चालकांनी कळवलं की मुंबईच्या प्रदर्शनात हा फोटो लावणार आहेत, खरं नाव कळव.

त्याच ओळींत कुणीतरी विचारलं होतं, गाव कुठलं? मी भोळा. छाती फुगलेली. लिहून टाकलं, भिवंडीजवळ, आमच्या गावची विहीर.

आमच्या. हीच माझी चूक.

विचारणारा निलेशशेट होता. तोही तिथं होता हे मला काय माहीत? अंदमानला जाऊन, महागाचा सूट घालून काढलेले त्याचे फोटो तिथं होते. त्यांच्याखाली कुणी फारसं लिहीत नव्हतं. त्यानं पायऱ्यांचा फुटलेला कोपरा ओळखला, आणि त्या तळाला आमच्याच घरचे उतरतात हे त्याला ठाऊक होतं. दोन दिवसांनी आबा ड्युटीवरून आले ते तोंड पाडून. "शेटनी बोलवलाय तुला. काय केलास तू?" त्या रात्री आम्ही कुणी जेवलो नाही.

तर मी वाकून, अड्ड्यावर त्या फोटोखाली, माझ्याच 'बेडूक' या नावानं टाइप करत होतो. पहिली ओळ झाली. फोटो निलेशशेटनी काढला.

"शेट, फोटो मी..." एवढं मी म्हणून बघितलं होतं सुरुवातीला. त्यावर तो शांतपणे म्हणाला होता, "विहीर माजी. पानी माजा. मंग फोटो कोनाचा? लिवतंस का चोरीची कंप्लेंट देऊ? आनि तुझा बाप आमचे गेटवर हाय, इसरू नको."

दुसरी ओळ झाली. मी वरती दोर धरून उभा होतो.

त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा एकजण विचारतंय, दगडावर रेघा कसल्या. त्याला पन लिही. दोर घासून झाल्यात."

माझे हात थांबले.

त्यांची विहीर. तीन पिढ्या तिचं पाणी प्यायले. आणि तळाशी काय आहे ते ठाऊक नाही. कधी उतरलेच नाहीत. आता त्याला फोटोत उतरायचं होतं आणि मला वरती उभं करायचं होतं, दोर धरून. आम्ही तो दोर कधी धरलाच नव्हता. आम्ही त्याला बांधलेलो होतो.

मी आबांकडे बघितलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली होती. रेघा हा शब्द ऐकून. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. भीती होती, माझ्यासारखीच. ती बघून मला लाज वाटली आणि लाजेपाठोपाठ संताप आला.

मी दोन्ही ओळी पुसल्या. पुन्हा लिहिलं. तोडकंमोडकं इंग्रजी, पण घाई केली नाही. माझं नाव, आबांचं नाव, आडनाव. मग लिहिलं, फोटो माझा आहे. या रेघा माझ्या आजानं आणि बापानं ओढल्या आहेत, गाळ काढल्याच्या, दर वर्षाला एक. या विहिरीचं पाणी आम्हाला शेंदू देत नव्हते.

बटण दाबलं. नेट धीमं. स्क्रीनखालची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. लाइट गेली तर? त्यानं वायर ओढली तर? माझं बनियन घामानं अंगाला चिकटलं होतं आणि मी मनात आकडे मोजत होतो, पाण्याखाली मोजतो तसे. पट्टी भरली.

"काय लिवलास? वाच," तो म्हणाला.

मी मराठीत वाचून दाखवलं. शब्दन् शब्द. शेवटपर्यंत वाचलं. आडनावसुद्धा.

तो मला मारायला उठला नाही. हसला. "गणपत, उद्यापासून यायची गरज न्हाय तुला."

आबांनी टोपी काढून रिकाम्या खुर्चीवर ठेवली. बाहेर येऊन मी चपला घातल्या. आबा घराच्या दाराशी म्हणाले, "दोर त्यांच्या हातात असताना खालून बोलायचा नसतो, पोरा." आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी अबोला.

अड्ड्यावर काय झालं? काही नाही. चालकांनी ती चर्चा बंद केली. इथं फक्त छायाचित्रणाविषयी बोला, गावातली भांडणं आणू नका. जागेच्या मालकाची परवानगी नाही म्हणून प्रदर्शनातून फोटो वगळला. कुणीतरी जाता जाता लिहिलं होतं, उजेड मात्र सुंदर आहे. त्या म्हाताऱ्याचं काही आलं नाही. त्याची मी वाट बघितली, हे कबूल करतो.

पावसाळ्याआधी विहीर डेब्रिज टाकून भरली. वर गोदाम उभं राहिलं. निलेशशेटनं मात्र तोच फोटो मोठा करून ऑफिसात लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, मी स्वतः तळाला जाऊन काढला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा माणूस आमच्या दारात आला. त्यांच्या दुसऱ्या वाडीतल्या विहिरीत पाण्याची मोटर अडकली होती. "शेट बोलवतान गणपतला. दोर घेऊन आमची मानसं उभी हायेत. नोकरीचा पन बघू बोललं."

आबा उठले. सवयीनं. पंचा कमरेला गुंडाळायलाही लागले. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो. आबांचं काम गेल्यापासून घर माझ्या एकट्यावर होतं, आणि हा माणूस काय निरोप घेऊन जाईल, संध्याकाळी कोण येईल, सगळं डोळ्यांपुढं आलं.

"ऑफिसातल्या फोटोत निलेशशेटच तळाला गेले होते ना?" मी म्हणालो. "त्यांनाच उतरवा."

तो माणूस मग आबांकडे वळला. आबांनी पंचा सोडून खुंटीवर टाकला.

तो गेल्यावर मी दार लावलं. कडी दोनदा हातातून निसटली, तिसऱ्यांदा बसली. मी पुन्हा पाण्यात उतरेन, खोल उतरेन, फोटो काढीन आणि प्रत्येक फोटोखाली आडनाव लिहीन. पण आमच्या घरातलं कुणी, मी जिवंत असेपर्यंत, त्यांचा दोर कमरेला बांधणार नाही.