कलमवाले चाचा आणि अर्धा धडा

“ह्या मॅडमबी तो धडा घरीच वाचा म्हनतीन, पाहा तुमी.”

कुंपणापलीकडून कलमवाले चाचा आमच्या शिपाईमामांना सांगत होते. मंगरूळपीरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला महिना झाला होता. ‘ह्या मॅडम’ म्हणजे मीच, हे खिडकीआड उभ्या असलेल्या मला लगेच कळलं. चाचांची रोपवाटिका शाळेला लागूनच. दहावीला प्रजननाचा धडा आला की पोरं मैदानात सुटतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

चाचांना कशाचीच लाज नव्हती. जंबेरी लिंबाच्या सालीत संत्र्याचा डोळा बसवून पट्टी गुंडाळताना ते गिऱ्हाइकाला मोठ्यानं समजावायचे, “कलमाचं झाड म्हंजे तेच झाड, दुसऱ्या जागी. बीचं झाड मायवर जाईन का बापावर, अल्ला जाने. माहे आठ पोरं पाहा. आठ नमुने!”

“कोनता नमुना कोनावर गेला, सांगू काय?” चाची आतून ओरडायच्या.

एकदा आसेगावचा एक शेतकरी भांडायला आला. त्यानं नेलेली पपईची सातही झाडं नर निघाली होती.

“भाऊ, फूल येईस्तोवर नर का मादी, समजत नाही,” चाचा शांतपणे म्हणाले, “अन् मानसात आधी सांगतलं तं गुन्हा हाय.”

शेतकरी हसला आणि आणखी चार रोपं घेऊन गेला.

माझी अडचण वेगळी होती. मी इंग्रजी शाळेत शिकले. इंग्रजीतले ते शब्द मला अंगभर कपड्यांत भेटले होते. मराठीत म्हणायला गेलं की जीभ अडायची. एकदा मी गुलाबाचं रोप घ्यायला गेले, तेव्हा चाचांनी सरळच विचारलं, “मॅडम, शरम काहून? फूल पाहा, रस्त्यावर उघडं बसून राह्यलं. त्याच्यावर भुंगा आला तं कोनी हसते?”

मी गुलाबाची कुंडी उचलली आणि घरी आले.

त्या वर्षी मी धडा शिकवला. बटाट्याचे डोळे, पानफुटीची पानं, यीस्टला फुटणाऱ्या कळ्या, चाचांकडून मागून आणलेलं कलम, म्हणजे एकाच जीवापासून होणारं सगळं. पुढचं घरी वाचा म्हटलं.

“झालं?” चाचांनी कुंपणावरून विचारलं.

“अर्धं.”

“कोनतं आर्धं?”

सांगितल्यावर ते इतके हसले की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. “म्हंजे बापाले बाहेरच उभं ठेवलं तुमी! पुढच्या साली आत घ्या त्याले.”

पुढच्या सालापर्यंत चाचा राहिले नाहीत. उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापानं गेले. शिपाईमामांबरोबर मी चाचींना भेटून आले.

यंदा तो धडा उघडला, तेव्हा मागच्या बाकावरचे बुटांच्या नाड्या बांधू लागले. एकानं विचारलं, “मॅडम, हे घरी वाचायचं ना?” मी मानेनंच नाही म्हटलं. कान तापले होते. पहिला शब्द फळ्यावर लिहिला आणि वर्गात हशा पिकला. तो ओसरेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले,

“नराची शुक्रपेशी आणि मादीची अंडपेशी एकत्र आल्या नसत्या, तर आज या वर्गात हसायला कोणीच नसतं.”