गैरसमज नव्हता तो

त्याला खुर्ची दिली. मला उभं ठेवलं.

जनाबियाजवळची पोलीस चौकी. बाहेर ऊन असं, की गाडीच्या टपावर हात ठेववत नव्हता. आत एसी एवढा गार, की माझे दात वाजत होते. भीतीनं वाजत असतील. टेबलामागे बहारीनी अधिकारी. त्याच्यासमोर खुर्चीत तो गोरा इंजिनीअर, ज्याच्या घरी मी कामाला होते. त्याला चहा आणून दिलेला. तो फुंकर मारत मारत पीत होता. माझा ओठ सुजलेला, बाही खांद्यापासून उसवलेली. मी मागं भिंतीला टेकायला गेले.

"भिंतीला टेकू नकोस. नीट उभी राहा." हे मराठीत. हे लेलेसाहेबांचं.

लेलेसाहेब पुण्याचे. इंजिनीअर ज्या अमेरिकन कंपनीत होता, तिथले अ‍ॅडमिन मॅनेजर. कंपाउंडमधल्या सगळ्या व्हिला, त्यातले नोकर, नोकरांचे व्हिसा, पासपोर्ट, सगळं त्यांच्या हातात. मला चौकीत दुभाष्या हवा होता. कंपनीनं त्यांना पाठवलं. म्हणजे ज्यानं केलं त्याच्या कंपनीचा माणूस माझं तोंड झाला.

मी म्हसळ्याकडची. नवऱ्यानं तलाक दिला, तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. ती जरा मोठी झाल्यावर अम्मीकडे ठेवून मी निघाले. माझ्या मामूचं बहारीनला, मनामाच्या बाजारात अत्तराचं छोटं दुकान होतं. त्यानंच ओळखीतून काम लावलं. "गोऱ्यांचं घर आहे," म्हणाला, "अरबाच्या घरासारखं पंधरा माणसांचं रांधायला लागणार नाही. एकटा माणूस. स्वच्छता, कपडे, बस."

एकटा माणूस. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

कंपाउंड देखणं होतं. उंच भिंत, आत बोगनवेली, मधोमध पोहण्याचा तलाव. दिवसा सगळे पुरुष कामावर, बायका गाडी घेऊन बाजारात. आत इतकी शांतता, की शेजारच्या व्हिलातला पाण्याचा पंप ऐकू यायचा. मला मागच्या बाजूला एक खोली. तिथंच बाथरूम.

पहिले काही महिने त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मग पाहायला लागला. काही बोलायचा नाही. मी इस्त्री करत असले की दाराशी येऊन उभा राहायचा. मी मान वर केली की हसायचा आणि जायचा. दुपारी जेवायला घरी यायला लागला. आधी कधी यायचा नाही. माझी ओढणी दोरीवरून गायब झाली. नंतर त्याच्या सोफ्यावर सापडली, घडी घालून ठेवलेली. मी उचलली. कुणाला काय सांगणार? ओढणीची घडी घातली, हा काय गुन्हा आहे?

मग एक दिवस माझ्या बाथरूमच्या दाराची कडी नव्हती. स्क्रू काढून नेलेले. चार भोकं तेवढी उरली होती.

मी लेलेसाहेबांच्या ऑफिसात गेले. ते फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "काय?"

मी कडीचं सांगितलं. तो घरी येतो, उभा राहतो, तेही सांगितलं.

"मेंटेनन्सला सांगतो," म्हणाले. मग जरा थांबून, "आणि हे बघ, ही माणसं मोकळी असतात. आपल्याकडच्यासारखा अर्थ काढायचा नाही. तुम्हा लोकांना कुठंही काहीही दिसतं."

तुम्हा लोकांना. बायकांना, मोलकरणींना, की मुसलमानांना? मी विचारलं नाही. मेंटेनन्सचा माणूस आला नाही. मी दाराला आतून बादली लावून आंघोळ करायला लागले. पाण्यानं भरलेली, म्हणजे ढकलली तर सांडेल, आवाज होईल.

आवाज झाला. भर दुपारी. पण ऐकायला कुणी नव्हतं.

जे झालं ते मी इथं लिहिणार नाही. ते चौकीत सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. पुन्हा कुणाला डोळे मोठे करून वाचायला देणार नाही. एवढंच लिहिते, की मी नाही म्हटलं. मराठीत म्हटलं, हिंदीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. त्याला कळलं. कळूनच केलं.

मी मागच्या दारानं पळाले. अनवाणी. फरशी पायाला भाजत होती. पलीकडच्या व्हिलात कुसुम कामाला होती. श्रीलंकेची. आमची बोली मोडक्या हिंदीची. तिनं मला पाहिलं आणि एक शब्द विचारला नाही. दोरीवरची चादर ओढून माझ्याभोवती गुंडाळली. मग मालकिणीच्या फोनवरून पोलिसांना फोन लावला. मी म्हटलं, "तेरा काम जाएगा." ती म्हणाली, "जाने दो." तिचं काम गेलंच. पण ते नंतर.

तर चौकीत.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं वाईट होती. बहारीनमध्ये सरकारविरुद्ध वातावरण तापलेलं. गावागावांत टायर जळायचे, रस्त्यात गाड्या थांबवून झडत्या. अधिकाऱ्याचे डोळे जागरणानं लाल. त्याला हे प्रकरण नकोच होतं. त्यानं इंग्रजीत विचारलं, काय झालं?

लेलेसाहेब माझ्याकडे वळले. "सांग."

मी सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं. कडी. बादली. त्यानं तोंड दाबलं ते. मी सांगत होते तेव्हा त्या इंजिनीअरनं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

माझं संपलं. लेलेसाहेबांनी घसा साफ केला आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "सर, शी इज अपसेट. देअर वॉज अ स्मॉल मिसअंडरस्टँडिंग इन द हाउस. शी वॉन्ट्स टू गो बॅक टू इंडिया."

मला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. पण गोऱ्याच्या घरात काम करून कानाला झालं होतं. स्मॉल. मिसअंडरस्टँडिंग. माझं एवढं मोठं बोलणं त्या माणसानं दोन शब्दांत गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

"साहेब," मी म्हटलं, "मी असं नाही बोलले."

"गप्प बस. तुझ्या भल्याचं करतोय. इथला कायदा तुला माहीत नाही. तू म्हणशील जबरदस्ती, तो म्हणेल हिच्या मर्जीनं. साक्षीदार कोण? कुणी नाही. मग दोघांवरही केस. तो सुटेल, तू आत जाशील. बदचलन म्हणून. मुलगी आहे ना तुला?"

मुलीचं नाव लेलेसाहेबांच्या तोंडून आलं नाही, पण ती आली त्या खोलीत. मला दिसली. ओठ आवळून उभी.

तेवढ्यात अधिकाऱ्यानं कागद पुढे ओढला. लेलेसाहेब आणि इंजिनीअर एकमेकांकडे पाहून निघायच्या बेतात. इंजिनीअरनं पेला खाली ठेवला. आणि माझ्यात काहीतरी तुटलं. की जोडलं गेलं, मला आजही सांगता येत नाही.

कंपाउंडमध्ये एका अरबी कुटुंबाची पोरं होती. एकानं दुसऱ्याचं खेळणं हिसकावलं की दुसरं ओरडायचं, गसब! गसब! आमच्या मदरशातल्या मौलवींच्या उर्दूतही तो शब्द होता. जोर करून घेतलं.

मी टेबलावर हात आपटला. त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "गसब."

इंजिनीअर उठता उठता थांबला.

मी इंजिनीअरकडे बोट केलं. "हादा. गसब. नो मिसअंडरस्टँडिंग. नो."

लेलेसाहेबांनी माझा दंड धरला. मी तो झटकला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या साहेबाचा हात झटकला. "तुमची जबान माझ्या तोंडात घालू नका," मी म्हटलं. "मला माझी आहे."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. माझी उसवलेली बाही पाहिली. मग हळू, तुटक इंग्रजीत म्हणाला, "यू से धिस, यू स्टे हिअर. यू अंडरस्टँड?"

तू हे म्हणालीस तर तुला इथंच राहावं लागेल.

"येस," मी म्हटलं.

त्यानं लेलेसाहेबांना बाहेर जायला सांगितलं. आणि एका बाई पोलिसाला बोलावलं.

मला ठेवलं. त्यालाही ठेवलं, पण एकच रात्र. माझी डॉक्टरी तपासणी झाली. ती बाई पोलीस हात धरून बसली होती. तिचं नाव मला कळलं नाही. कळलं असतं तर दुआत घेतलं असतं.

मग मामू भेटायला आला. जाळीपलीकडे उभा. अत्तराचा वास आला त्याच्या आधी. रडत होता. मला वाटलं माझ्यासाठी.

"पोरी, मागं घे ती तक्रार. दुकान ज्याच्या नावावर आहे तो अरब म्हणतो, तुझी भाची कोर्टात गेली तर तुझा व्हिसा मी पुढे चालवणार नाही. वीस माणसं जेवतात त्या दुकानावर. आपली अब्रू..."

"अब्रू माझी गेली का, मामू?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"मग त्या गोऱ्याची गेली म्हणा ना. त्याची म्हणा."

तो गेला. पुन्हा आला नाही.

काही दिवसांनी कंपनीचा एक अमेरिकन अधिकारी आला. उंच, टक्कल पडलेला, फार सभ्य. सोबत पुन्हा लेलेसाहेब. पण या वेळी मी म्हटलं, "ते काय म्हणतात ते आहे तसं सांगा. मला थोडं कळतं." लेलेसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आहे तसं सांगितलं.

त्या माणसाचं म्हणणं असं. त्यांच्या देशात असल्या गुन्ह्याला फेडरल कायदा आहे. मोठा कायदा, सगळ्या देशाचा. त्यात कितीही वर्षं, जन्मठेपही होऊ शकते. त्यांच्या जहाजावर झालं असतं तर तो कायदा लागला असता. तो नौदलाच्या वर्दीतला असता तर लष्करी कोर्ट लागलं असतं. पण तो वर्दीतला नाही, त्यांच्या जहाजांची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचा नोकर आहे. आणि हे झालं जनाबियाच्या एका भाड्याच्या घरात. तिथं त्यांचा कायदा पोचत नाही. आय अ‍ॅम व्हेरी सॉरी.

मी ऐकलं. विचारलं, "म्हणजे तोच माणूस, तीच मी. जहाजाच्या फळीवर असते तर गुन्हा. घराच्या फरशीवर होते म्हणून नाही?"

लेलेसाहेबांनी ते सांगितलं. त्या सभ्य माणसानं खाली पाहिलं. "इट्स जुरिस्डिक्शन," म्हणाला.

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मिसअंडरस्टँडिंगपेक्षा आखूड. काम तेच.

बहारीनच्या कायद्यात त्याच्यावर केस होऊ शकत होती. ती नोंदलीही गेली. पण कंपनीनं हमी दिली, त्याचा पासपोर्ट सोडवला, आणि तपास चालू असताना तो विमानात बसला. कुसुमनं जाळीपलीकडून सांगितलं. तिला ड्रायव्हरनं सांगितलं. व्हिलातलं त्याचं सामान नंतर बॉक्स भरून मागवून घेतलं. गोल्फच्या काठ्यासुद्धा.

आरोपी देशाबाहेर. फाईल उघडी. आणि मी? माझा व्हिसा कंपनीच्या हातात, तो रद्द. काम सोडून पळाली, असं लिहिलं. मला देशाबाहेर काढलं. कुसुमलाही. त्याला शिक्षा म्हणून घरचं तिकीट, मलाही घरचंच तिकीट. फरक एवढा, की माझ्या शेजारी विमानाच्या दारापर्यंत पोलीस होता.

विमानतळावर लेलेसाहेब आले होते, माझा पासपोर्ट पोलिसाला द्यायला. घामेजलेले. म्हणाले, "झालं ते झालं. खलास. गावी कुणाला सांगू नकोस. तुझंच नाव जाईल."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरी दिवाळीला वहिनींनी मला करंज्या दिल्या होत्या. चांगल्या बाई आहेत. त्यांना तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी पासपोर्ट पोलिसाच्या हातात ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

गावी अम्मीनं दार उघडलं आणि आधी बाहेर बघितलं, कुणी पाहतंय का. मग मला आत घेतलं. मामूच्या घरच्यांनी बोलणं टाकलं. मशिदीजवळच्या ओट्यावर चार माणसं गप्प व्हायची मी गेले की. माझ्या मुलीला शाळेत पोरी काहीबाही बोलल्या. ती घरी येऊन म्हणाली, "अम्मी, तू काय केलंस?" मी तिला मांडीवर घेतलं नाही. समोर बसवलं. म्हटलं, "मी काही केलं नाही. माझ्यावर केलं गेलं. करणाऱ्याचं नाव सांगते, ऐक." आणि तिला नाव सांगितलं.

पुढे मुंबईत मला एक वकीलबाई भेटल्या. त्यांच्याकडून कळलं, की त्या देशानं नंतर नवा कायदा केला. बाहेरदेशी त्यांच्या फौजेसाठी काम करणाऱ्या कंपनीच्या नोकरानं असं काही केलं, तर आता त्याला घरी नेऊन खटला चालवता येतो. मी उडी मारून उठले. म्हटलं, चला.

त्या म्हणाल्या, "बस. तो कायदा झाला त्यानंतरच्या गुन्ह्यांना. मागच्यांना नाही. कायदा मागे जात नाही."

कायदा जात नाही. मी जाते.

त्यांच्या वकिलातीच्या दारात मी गेले. खिडकीपलीकडच्या पोरीनं विचारलं, व्हिसाचं काम आहे का. मी म्हटलं, "नाही. बलात्काराची तक्रार आहे." रांगेतली माणसं मागं सरकली. पोरीचे हात थांबले. मी त्याचं नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, काही करता येणार नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही.

त्याला शिक्षा होणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला कुणी समजावू नये. पण तो कुठंतरी आपल्या अंगणात म्हातारा होत असेल, आणि इकडे दर वर्षी एक बाई सरकारी खिडकीपुढे उभी राहून त्याचं नाव मोठ्यानं घेते. नावाआधी एकच शब्द लावते. आरोपी. माझी जीभ चालते तोवर तो दुसऱ्या कुठल्याही नावानं मरणार नाही.