तार काढल्यावर आलेला निरोप

भुताखेताचं सांगणाऱ्याला मी तोंडावर येडा म्हणत आलोय. शाळा चौथीपातुर, पण आजवर कुणाला भ्यालो न्हाई. ह्या पानावरचं वाचूनबी हसायचो... आता माझंच लिहितोय. हसायचं तर हसा.

आमचं घर निरगुडसरच्या शिवेला, उसाला लागून. मेंढरांचा वाडा घरापास्नं हाकेच्या टप्प्यात. बिबट्या रोजचाच. लेक मेंढरं घेऊन लांब गेलेला, म्हणून सांजच्याला लहान कोकरांपाशी आमची म्हातारी, माझी बायको, बसती, आतनं दार लावून. तिच्यासाठी सूनबाईनं, अर्चनानं, निरोप धाडायचे दोन तळहाताएवढे बोर्ड आणले. एक वाड्यात, एक घरात, मधी तारा. म्हातारीनं बटन दाबलं की घरच्या लॅपटॉपवर 'हेल्प' उमटायचं.

तारा मी जोडल्या. लालला लाल, पिवळ्याला पिवळी. काहीच उमटंना.

"मामा, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावायचं. तुमी तोंडाला तोंड लावलंय!"

"मग दोघंबी बोलत्यात आन् ऐकत कुणीच न्हाई. आपल्या घरासारखं."

उलट जोडल्यावर नुसता अक्षरांचा कचरा यायला लागला. दोघांचा बोलायचा वेग जुळत नसंल, म्हणाली, आन् वाड्यातला बोर्ड सोडवून घरी आणला. तो बंद, टेबलावर. घरच्या बोर्डाच्या वाड्याकडच्या ताराबी काढल्या, तो नुसता लॅपटॉपला लागलेला. दिवस मावळत व्हता. म्हातारी वाड्यात एकटी.

तवा लॅपटॉपवर अक्षरं उमटली. अर्चनानं वाचलं — "दार लाव."

"तूच लिहिलं असशील की."

"न्हाई मामा. ह्याला एक हेल्प सोडून काही येतच न्हाई. आन् पाठवणार कोण? तार कुठंय?"

परत आलं. दार लाव. दार लाव. सगळा पडदा भरला... मी काठी घेऊन पळत सुटलो.

दाराच्या फटीतनं बघितलं, म्हातारी आत दाराशी उभी. कडी अर्धी काढलेली, तोंड पांढरंफटक. कोकरं कोपऱ्यात एकावर एक चढलेली, पण आवाज एकाचाबी न्हाई. मला बघून म्हणाली, "मघाधरनं हाका मारताय, दार उघड, दार उघड... आन् आता तिकडनं पळत येताय?"

"मी कशाला हाक मारू?"

"आवाज तुमचाच व्हता. पण... सोनाबाई म्हणालात."

लगीन झाल्यापास्नं मी बायकोला नावानं हाक मारलेली न्हाई. आमच्यात मारत न्हाईत. 'अगं ए' एवढंच. त्या नावापायीच तिचा हात कडीवर थांबला व्हता.

भवती पावलांचा माग बघितला. बिबट्याचा न्हाई, माणसाचा न्हाई.

अर्चना म्हणती, बोर्डाच्या मोकळ्या टोकाला हवेतला विजेचा कचरा लागतो, त्याची अक्षरं उमटत्यात. लागत असंल. पण कचऱ्याला मराठी येतं का?

परवा सांजच्याला घरात भाकरी खात व्हतो. म्हातारी समोर बसलेली. भाईर, उसाच्या अंगाला, माझ्या आवाजात हाक आली — "सोनाबाई..."

माझ्या तोंडात घास व्हता. ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली... आन् मी तिच्या.

हे काय हाय, मला सांगता येत न्हाई. कुणाला येत असंल तर सांगा राव, पण सांजच्याला आमच्या घरी येऊन, समोर बसून सांगा.